गुरुवारचा दिवा

॥ श्री योगेश्वरी प्रसन्न ॥

सोमवार, २४ नोव्हेंबर २०२५

बियाण्याच्या कंपनीनं यांच्या दुकानात दिलेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. आता वर्ष सरत आलं, आणि कोरे कागद रद्दीत घालणं माझ्याच्यानं होत नाही. खर्चाची वही वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहायला गेलं की बेरीज चुकते. म्हणून मनातलं इथं.

आज पुढची खोली रिकामी केली. ज्वारीच्या कोठ्या मागं ढकलल्या, दुकानाची पोती जिन्याखाली रचली. येत्या गुरुवारपासून तिथं अंबाजोगाईच्या कातडीच्या डॉक्टरीणबाई, तेजश्रीताई, उजेडाचं मशीन लावणार आहेत. त्यांच्या दवाखान्यात माझी सून वैष्णवी चार वर्षं हेच मशीन चालवते. रोज एसटीनं जाणं-येणं. आमचा मुलगा रविराज लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूमात, शनिवारी येणार. तिचं जाणं मात्र एक दिवस चुकलेलं नाही. आता दर गुरुवारी मशीन इथं घाटनांदूरला यायचं. संक्रांतीपर्यंत बायकांना गुण आला तर इथं कायमची शाखा, आणि ती वैष्णवी सांभाळणार. गुण आला नाही तर मशीन परत.

उजेडानं तोंडावरचे डाग जातात हे मला पटत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, उन्हानंच तर डाग पडतात. मग उजेडानं जातील कसे?"

ती म्हणाली, "आई, काट्यानंच काटा निघतो की."

बोलायला हुशार आहे. कुणापुढं बोलून दाखवत नाही, पण ही मुलगी मी निवडली होती. हे म्हणत होते, शिकलेली आहे, घरात टिकायची नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे घट मांडला, पोथी वाचली, लक्ष्मीला म्हटलं, आज पोरीची लाज राख.

लक्ष्मीनं ऐकलं. नऊ वाजायच्या आत ओसरीवर बायका. पहिल्याच साखराबाई. पुढारी बद्रीनाथरावांच्या घरच्या. त्या ज्या दुकानात जातात त्या दुकानात गाव जातं, म्हणून मी त्यांना खुर्ची दिली. बाकीच्यांना सतरंजी.

मी दाराच्या फटीतून बघितलं. आधी तोंड धुवायचं. कुंकू, टिकली, पावडर सगळं पुसायचं. मग डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखा चष्मा. गालाला, कपाळाला थंडगार खळ लावतात (इतकी लावतात, निम्म्यात भागलं असतं). मग हातातला दांडा टेकवायचा की लख्खकन वीज. साखराबाई ओरडल्या, "अगं माय! मोहरी उडाली जणू!" वैष्णवी म्हणाली, "झालं काकू, आता एवढंच." हात कसा स्थिर होता तिचा. मला सुईत दोरा ओवताना चार वेळा थुंकी लावावी लागते.

डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं, हा दिवा गोरं करत नाही. उन्हाचे डाग फिके करतो, तेही हळूहळू. वांग असलेल्या दोघींना तर परत पाठवलं, वांगावर हा चालत नाही म्हणाल्या. पदरचं गिऱ्हाईक परत पाठवणारी माणसं मी कमीच पाहिली. दुपारच्या गाडीनं त्या गेल्या, पुढचं वैष्णवीनं एकटीनं केलं.

बायका बाहेर यायला लागल्या. सगळ्यांची कपाळं पांढरी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी दारात आलेली सवाष्ण म्हणजे साक्षात लक्ष्मी, आणि तिला माझ्या घरातून मोकळ्या कपाळानं जाऊ देऊ? करंडा घेऊन ओसरीवर बसले. प्रत्येकीला हळद-कुंकू, चांगलं अंगठ्यानं दाबून. एक नवी सून म्हणाली, "वैष्णवीताईंनी चार दिवस तोंडाला काही लावू नको म्हटलंय." मी म्हटलं, "ते क्रीम-पावडरचं म्हटलंय बाळा. कुंकू काय लावायची वस्तू आहे? ते असतंच." साखराबाई म्हणाल्या, "याला म्हणतात घराण्याची रीत." छाती भरून आली.

शेवटी सुंदरबाई. शाळेत खिचडी करते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिला पाहून मनात आलं, हिला तोंड उजळून काय करायचंय? आलं ते लिहिलं. ती म्हणाली, "वैनी, चुलीच्या धगीनं आन् उन्हानं थोबाड असं झालंय, पोरं खिचडी करपली का म्हणून माझ्याच तोंडाकडं बघतेत." हसून हसून पुरेवाट. बाहेर आल्यावर तिला नुसता चहा दिला. दुसरं काय देणार?

सोमवार, १ डिसेंबर

साखराबाईंच्या घरून निरोप. कपाळ भाजलं म्हणे. पाठोपाठ अजून दोघी. लाल चट्टा, वर बारीक पुरळ, आग आग होते. नेमकं कपाळाच्या मधोमध.

गिरणीत दळण टाकायला गेले तर बोलणं थांबलं. मी पीठ न बघताच घरी आणलं, तर जाडंभरडं. त्याच्या भाकरी थापता थापता वाटलं, माझ्या सुनेचं नाव त्या गिरणीत दळलं जातंय.

वैष्णवी तिघींच्या घरी जाऊन आली. गार पाण्याच्या घड्या, मलम. येऊन म्हणाली, "मशीनच्या जोराचा आकडा बरोबर होता, आई. आधी कानामागं एक झटका मारून बघितला होता. असं कसं झालं?" मी म्हटलं, "होईल नीट. लक्ष्मी आहे."

गुरुवार, ४ डिसेंबर

दत्तजयंती. डॉक्टरीणबाईंनी चट्टे स्वतः तपासले. एकेकीला विचारलं, "चार दिवसांत कपाळाला काही लावलं होतं का?"

साखराबाई म्हणाल्या, "कायबी न्हाई."

बाकीच्या दोघी म्हणाल्या, "कायबी न्हाई बाई."

खरंच होतं ते. पावडर नाही, तेल नाही, साबण नाही. साध्या बायका, खोटं कशाला बोलतील? डॉक्टरीणबाई वैष्णवीला म्हणाल्या, "कपाळाचं हाड वर असतं, तिथं दांडा जास्त वेळ टेकला असेल तुझा." ती दांडा पुसत राहिली. मला राग आला. तिचा हात मी पाहिला होता. पण डॉक्टरांपुढं मॅट्रिक पास बाईनं काय बोलावं?

आज आकडा कमी ठेवला. बायका थोड्याच आल्या, त्याही माझ्या शब्दाखातर. मी आज हळदीचं बोट जरा जाडच ओढलं. हळद थंड असते, भाजल्यावर तीच लावतात. पोरीला आपली एवढी तरी मदत.

सोमवार, ८ डिसेंबर

पुन्हा तेच. गेल्या खेपेपेक्षा जास्त.

डॉक्टरीणबाईंचा फोन. वैष्णवीनं सगळ्यांसमोरच स्पीकरवर घेतला. "अंबाजोगाईत मी शेजारी उभी असते, तिथं कधी झालं नाही. तुला एकटीला सोडायची घाई केली मी. येत्या गुरुवारी शेवटचं बघू. मग मशीन परत नेते." पोरगी "हो मॅडम" म्हणाली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच परत घासत होती. मी राख वाया जाते म्हणून बोलले नाही.

साखराबाईंनी मारुतीच्या पारावर म्हटलं म्हणे, "संगीताच्या सुनंच्या हाताला चटका हाय. माझ्या लेकीचं लग्न तोंडावर आलंय, आन् मी विहिणीपुढं हे कपाळ घिऊन उभी ऱ्हाऊ?"

माझ्या सुनेच्या हाताला चटका! त्या हातानं दर शनिवारी माझे गुडघे चोळले आहेत.

मंगळवार, ९ डिसेंबर

सुंदरबाई आली. दाराशी उभी राहिली तर मी क्षणभर ओळखलंच नाही. गालावरचे डाग विरल्यासारखे, कपाळ कसं स्वच्छ, पितळेचा तांब्या चिंचेनं घासावा तसं.

मी म्हटलं, "तुला कसं काही झालं नाही गं?"

"मला कोण दृष्ट लावणार, वैनी? तुमच्या वैष्णवीनं सांगितलं तसं केलं. काय लावू नको म्हणली, न्हाई लावलं. गरिबाला त्ये बरं, फुकटात हुतंय."

देवाची करणी. सगळ्या सवाष्णींना त्रास आणि हिला नाही. विचार करून डोकं दुखलं. पण एक झालं. एक कपाळ तरी नीट निघालंय, म्हणजे हात चांगला आहे. गावाला दाखवायचं तर माझ्याच तोंडावर दाखवते. मलाही वीस वर्षांचे डाग आहेत, गच्चीवर पापड-कुरडया वाळवून पडलेले. मला त्यांचं काही नाही. आरशात बघायला वेळ कुणाला आहे? उजव्या गालावर सात आहेत, डाव्यावर जरा मोठे.

गुरुवार, ११ डिसेंबर

आज सकाळी बायकांच्या देखत त्या खाटेवर आडवी झाले. डॉक्टरीणबाई नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. दार उघडं ठेवायला लावलं. साखराबाईही आल्या होत्या, मशीन जाताना बघायला.

चष्मा घातला तरी पापण्यांच्या आड वीज लखलखते. प्रत्येक झटक्याला मी "श्रीराम" म्हणत होते. वैष्णवीचा हात जरासुद्धा हलला नाही. मधेच हळूच म्हणाली, "आई, श्वास घ्या." तेव्हा कळलं, मी धरून ठेवला होता.

झालं. उठले, देवघरात गेले, सवयीनं करंडा उघडला. वैष्णवी मागून धावत आली आणि माझा हात धरला.

"आई, चार दिवस काही नाही."

"नाही लावत गं काही. कुंकू लावतेय."

"कुंकूपण नाही."

"असं कुठं असतं?"

ती माझ्या अंगठ्याकडं बघत राहिली. मग करंड्याकडं. मग हळूच विचारलं, "आई, गुरुवारी ओसरीवर तुम्ही सगळ्यांना लावत होतात?"

"मग? सवाष्णींना तशाच पाठवू?"

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना." आणि मग माझं मलाच ऐकू आलं. "सुंदरबाई सोडून."

देवघरात समई जळत होती. पोरीनं मला एक वाईट शब्द बोलायला हवा होता, मला बरं वाटलं असतं. तिनं भिंतीला पाठ टेकली आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी काढत. "अहो आई, बाजारच्या कुंकवात रंग असतो, चुना असतो. उजेड मारल्यावर कातडी उघडी असल्यासारखी असते. आणि तुम्ही दाबून... अंगठ्यानं..."

मी बाहेर आले. करंडा हातात तसाच. डॉक्टरीणबाईंना, साखराबाईंना, सगळ्यांना उभ्या उभ्या सांगितलं. म्हटलं, "चटका सुनेच्या हाताला नाही. माझ्या अंगठ्याला आहे."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण मी विचारलं होतं ना, काही लावलं का म्हणून?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकजण म्हणाली, "कुकू सोडून कायबी न्हाई असं म्हणायचं ऱ्हाऊनच गेलं की."

साखराबाई मात्र पटवून घेईनात. "आता सुनंला वाचवायला कायबी सांगशील. कुकवानं कुणाचं कपाळ जळतंय व्हय? पिढ्या गेल्या."

मी म्हटलं, "चार दिवस मी लावत नाही. पुढच्या गुरुवारी माझं कपाळ बघा. चट्टा उठला तर मशीन जाऊ द्या आणि सुनेला काय बोलायचं ते बोला."

बोलून तर गेले. लग्न झाल्यापासून बाळंतपणातसुद्धा कपाळ मोकळं ठेवलेलं नाही.

शुक्रवार, १२ डिसेंबर

हे दुकानाला निघाले. मी म्हटलं, "चार दिवस मोटरसायकल काढू नका."

"कावून?"

"नका काढू म्हटलं तर."

त्यांनी माझ्या कपाळाकडं पाहिलं. किल्ली खुंटीला अडकवली आणि पायी गेले. पेट्रोल वाचलं, ते एक बरं.

मी मंगळसूत्राच्या वाट्यांना कुंकू लावलं. ते तर तोंड नाही. देवी समजून घेईल.

शनिवार, १३ डिसेंबर

पाणी भरताना शेजारणी माझ्या कपाळाशी बोलतात, माझ्याशी नाही. बाजारात साखराबाई भेटल्या. चारचौघींत मोठ्यानं म्हणाल्या, "काय गं संगीता, बिभीषणराव बरे हायेत ना?"

मी म्हटलं, "बरे आहेत. पायी दुकानाला गेलेत, पोट उतरतंय."

घरी येऊन चूल पेटवली. हे दुपारच्या जेवणाला उशिरा आले, तोवर मी दहा वेळा फाटकाशी गेले. आल्यावर ताट वाढलं. भाजीत मीठ विसरले होते. तशीच खाल्ली त्यांनी.

संध्याकाळी सुंदरबाई आली. यांना पायी येताना तिनं पाहिलं होतं. म्हणाली, "वैनी, कुकू न्हाई म्हणून दादांना पायी फिरवता व्हय?"

मी चहाचं आधण ठेवलं.

"अवो, त्या दिवशी माझं तर कपाळभर हुतं. सकाळीच वडाला दोरा बांधून आल्याली मी. दुपारला निरोप आला." तिनं पदर खांद्यावर ओढला. "कुकवाला दोष न्हाई देत मी. त्ये बिचारं काय करतंय. पर त्यो जायचा हुता, गेला."

मी चहात साखर जरा जास्त टाकली.

गुरुवार, १८ डिसेंबर

शेवटचा गुरुवार, उद्यापन. घट सजवला, पुरण घातलं. ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्म्या पूजेला आणि निम्म्या माझं कपाळ बघायला.

डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात नेऊन भिंग लावून बघितलं. हातानं चाचपलं. मग भिंग साखराबाईंच्या हातात दिलं. "तुम्हीच बघा."

साखराबाईंनी भिंग न लावताच बघितलं. बराच वेळ बघितलं. "चट्टा न्हाई," म्हणाल्या. मग जरा थांबून, "गालावरचे बी फिके पडलेत की गं तुझे."

वैष्णवी दाराशी उभी होती. मी तिच्याकडं बघितलं नाही, बघितलं असतं तर सगळ्यांपुढं रडले असते. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, "मी चुकले. दोष तुझ्या हाताचा नव्हता." सगळ्यांपुढं म्हणाल्या. मोठी बाई. "मशीन इथंच राहील. मी येईन, तपासून आकडा ठरवीन, आणि दांडा तुझ्या हातात."

साखराबाईंनी खुर्ची सरकवून घेतली आणि म्हणाल्या, "वैष्णवे, माझा चट्टा उतरला की पयला लंबर माझा. आन् तुझ्या सासूला तवर घरात कोंडून ठिव."

सगळी ओसरी हसली. मीसुद्धा.

आता उद्यापनाचं हळद-कुंकू कसं द्यायचं हा प्रश्न होता. ते मी कालच सोडवला होता. जुन्या कॅलेंडरच्या कागदाच्या पुड्या बांधल्या. एकीत हळद, एकीत कुंकू. पुडी हातात द्यायची, घरी नेऊन देवापुढं ठेवायची, चार दिवसांनी जिची तिनं लावायची. रीतही राहिली आणि कातडीही. वैष्णवी म्हणाली, "आई, पुडीची ही रीत अंबाजोगाईच्या दवाखान्यातसुद्धा सुरू करू आपण." डॉक्टरीणबाईंनी एक पुडी नमुना म्हणून पर्समध्ये ठेवली. माझी पुडी! मेडिकलच्या डॉक्टरच्या पर्समध्ये!

पुड्या वाटत गेले. हातावर हात येत होते, मी देत होते. एक हात आला, तिखटाचा वास असलेला, पोळलेल्या बोटांचा. मी पुडी ठेवली. वर बघितलं तर सुंदरबाई. ती चटकन हात मागं घेणार होती. पुडी काय, कपाळाला थोडीच लावायची होती? हातात दिली होती. दिलेलं परत घ्यायची आमच्या घरची रीत नाही. तिची बोटं मिटवली आणि पुढच्या बाईकडं वळले.

साखराबाईंनी पाहिलं. आपली पुडी पदराला बांधली. पुड्या मात्र कमी पडल्या, एक मागं ठेवायला हवी होती.

रविवार, २५ जानेवारी २०२६

रथसप्तमी. अंगणात रांगोळीचा रथ काढला, गोवऱ्यांवर दूध उतू घातलं. सूर्याला अर्घ्य द्यायचं तर माझी गुरुवारीच दुसरी खेप झालेली, ऊन वर्ज्य. वैष्णवीनं मागं छत्री धरली. सूर्यनारायणाला म्हटलं, देवा, तुझ्याच कुळातला उजेड आहे, रागावू नको, छत्रीखालून घे.

रविराज आला होता. त्यानं फाटकाला पाटी लावली. वर डॉक्टरीणबाईंचं नाव, खाली सून वैष्णवीचं. अक्षरं माझ्या चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी. गिरणीतून येताना मी मुद्दाम लांबच्या बाजूनं आले, रस्त्यावरून कशी दिसते ते बघायला. मग पीठ ठेवून पुन्हा एकदा गेले.

साखराबाईंचा नंबर येत्या गुरुवारी आहे. लेकीलाही घेऊन येणार. त्यांचा निरोप आला, खुर्ची तीच ठेवा. सुंदरबाईनं मागच्या गुरुवारी ओसरीवर बायकांना सूचना सांगायचं काम आपणहून घेतलं. "कायबी न्हाई म्हंजे कुकूबी न्हाई, कळलं का?" तिचं ऐकतात. माझं ऐकत नव्हत्या.

रात्री सगळ्यांना वाढलं. हे जेवता जेवता थांबले, माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आमटीत काही पडलं. म्हणाले, "घरातला बल्ब बदललास का गं?"

मी म्हटलं, "नाही. तोच आहे. चालतोय तोवर कशाला बदलायचा?"

"मग उजेड जास्त वाटतोय," म्हणाले आणि खाली मान घालून जेवायला लागले. वैष्णवी उगीचच पाणी आणायला आत पळाली.

यांची नजर एकदा तपासून घ्यायला हवी. उद्या अंबाजोगाईला जाताना वैष्णवीला सांगते.